सूर्य छतावर, अंधार घरात

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ जाहीर केली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल, महिन्याला तीनशे युनिटांपर्यंत मोफत वीज आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, असा या योजनेचा थाट आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शहरांत व मोठ्या गावांत सौर साहित्याच्या विक्रेत्यांचे फलक आज जागोजागी झळकत आहेत. ऊन ही खान्देशची एकमेव संपत्ती अशी आहे की, जी आजवर कोणत्याही सावकाराला गहाण ठेवून घेता आलेली नाही. तेव्हा या योजनेचे येथे स्वागत व्हावे हे स्वाभाविकच आहे.

आपल्या कार्यकर्त्यांत मात्र या प्रश्नावर दोन तट पडलेले दिसतात. पहिल्या तटाचे म्हणणे असे की, सौर पॅनेल हे पक्क्या स्लॅबच्या घरात राहणाऱ्या सुखवस्तूंचे खेळणे आहे. त्यात पक्षाने लक्ष घालण्याचे कारण नाही. दुसऱ्या तटाला यात विजेचे स्वराज्यच अवतरलेले दिसते. प्रत्येक घर आपली वीज आपण निर्माण करील, महावितरणची कटकट संपेल आणि सामान्य माणूस मुक्त होईल, असे ही मंडळी सांगतात. माझे म्हणणे असे आहे की, हे दोन्ही तट केवळ छताकडे पाहून बोलत आहेत. प्रश्नाचे मर्म छतावर नाही. ते भिंतीवर टांगलेल्या इन्व्हर्टर नावाच्या पेटीत आहे. ही पेटी कोणत्या जातीची आहे, ती कोणी निवडली आणि कोणाच्या सोयीसाठी निवडली, यावरून छतावरचा सूर्य कोणाचा हे ठरते.

प्रथम यंत्राचे स्वरूप समजून घेऊ. पॅनेलमधून निघणारी वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे बाजाराच्या भाषेत डीसी असते. घरातील पंखा, फ्रीज, मिक्सर मात्र एसी विजेवर चालतात. एकीचे दुसरीत रूपांतर करणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. विक्रेते त्याच्या तीन जाती सांगतात. ऑनग्रिड इन्व्हर्टर सौर वीज थेट महावितरणच्या तारेशी जोडतो. घराला लागेल ती घरात, उरेल ती तारेत, आणि दोन्हींचा हिशेब नेट मीटरवर. त्याला बॅटरी नसते. ऑफग्रिड इन्व्हर्टर बॅटरी भरतो आणि बॅटरीवर घर चालवतो. तो तारेत वीज सोडत नाही. हायब्रिड इन्व्हर्टर दोन्ही कामे करतो.

आता ज्या गोष्टीचा उल्लेख फलकांवर क्वचितच आढळतो ती गोष्ट अशी : ऑनग्रिड इन्व्हर्टर महावितरणची वीज गेली की त्याच क्षणी बंद पडतो. आकाशात मे महिन्याचा सूर्य तळपत असो, छतावर तीन किलोवॅटची पॅनेल असोत, घरातला पंखा फिरत नाही. म्हणजे ज्या वेळी गृहस्थाला आपल्या स्वतःच्या विजेची खरी गरज असते, नेमक्या त्याच वेळी ती वीज त्याची नसते. भर दुपारी तासभर पुरवठा खंडित झाला, तर तीन किलोवॅटच्या संचातून मिळू शकणारी दोनएक युनिटे हवेत विरतात. म्हणजे प्रकाशही गेला आणि बिलातील बचतही गेली. खेड्यातील लांबच लांब वाहिन्यांवर व्होल्टेज खालीवर होते. ते नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर गेले, तरीही हा इन्व्हर्टर तारेपासून तुटतो. या मर्यादा नेहमीच्या व्होल्टेजच्या ८० टक्के आणि ११० टक्के, म्हणजे २३० व्होल्टच्या जोडणीवर १८४ आणि २५३ व्होल्ट अशा आहेत.

हे ऐकून कोणी म्हणेल की, हा वीज कंपन्यांचा डाव आहे. तसे नाही, आणि कामगारांच्या बाजूने उभे राहणाऱ्या पक्षाने तर असे मुळीच म्हणू नये. वीज गेल्यावर वायरमन खांबावर चढतो. तार मृत आहे असे समजून तो तिला हात लावतो. त्या वेळी खालच्या एखाद्या घराचा इन्व्हर्टर तारेत वीज सोडत राहिला, तर तो वायरमन जिवंत खाली येणार नाही. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या तांत्रिक नियमांनी असा इन्व्हर्टर तत्काळ तुटलाच पाहिजे असे बंधन घातले, आणि ते तो पाळतो की नाही हे तपासण्यासाठी भारतीय मानक १६१६९ आहे. हे बंधन न्याय्य आहे. अन्याय दुसरीकडे आहे. वायरमनचा जीव राखूनही घरात उजेड ठेवणे तांत्रिकदृष्ट्या पूर्णपणे शक्य आहे. हायब्रिड इन्व्हर्टर घर तारेपासून तोडतो आणि मग बॅटरी व पॅनेल यांच्यावर आतले दिवे-पंखे चालू ठेवतो. तंत्रज्ञान आहे, दुकानात मालही आहे. मग तो सामान्य घरात का दिसत नाही?

उत्तर अनुदानाच्या गणितात आहे. योजनेचे अनुदान पहिल्या दोन किलोवॅटसाठी दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये आहे. म्हणजे अनुदानाचे माप किलोवॅट हे आहे; वीज गेल्यावर घरात किती तास उजेड राहतो, हे नव्हे. हायब्रिड इन्व्हर्टरला योजनेची मनाई नाही. पण त्याच्या वाढीव किमतीला आणि बॅटरीला अनुदानाचा एक पैसाही नाही. करांची व्यवस्थाही याच दिशेने चालते. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले तेव्हा सौर साहित्यावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सुट्या बॅटरीवर मात्र १८ टक्के कर आहे. निर्मितीला सवलत आणि साठवणुकीला दंड, असे हे धोरण आहे. विक्रेता हा काही धर्मादाय संस्था चालवीत नाही. ज्या वस्तूवर अनुदान, ती वस्तू तो पुढे करणार. तेव्हा इन्व्हर्टरची निवड गृहस्थ करीत नाही, विक्रेताही करीत नाही. ती दिल्लीत झालेली असते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक जुनी लबाडी ओळखता येते. सौर संच एक नव्हे, दोन वेगळ्या वस्तू देऊ शकतो. एक वस्तू म्हणजे बिलातील बचत. दुसरी म्हणजे पुरवठ्याची शाश्वती. सरकार दोन्हींची नावे घेऊन पहिलीच विकत आहे. आता पहिल्या वस्तूचा लाभ कोणाला? घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढत जातात. पहिल्या शंभर युनिटांचा दर सर्वांत कमी, तीनशेच्या पुढे तो बराच चढा. तीन किलोवॅटचा संच महिन्याला सुमारे साडेतीनशे युनिटे देतो. ज्याच्या घरात दोन वातानुकूलक आहेत, त्याची बचत चढ्या दराने होते. ज्याच्या घरात दोन पंखे आणि चार दिवे आहेत, त्याची बचत सर्वांत खालच्या दराने होते. वर्षअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर तर आपण वीज घेताना देतो त्याच्यापेक्षा फारच कमी असतो. म्हणजे सार्वजनिक तिजोरीतून दिलेल्या अनुदानाचे फळ जितके घर मोठे तितके रसाळ. गरिबाला बचतीपेक्षा शाश्वती अधिक हवी आहे. मुलीच्या परीक्षेच्या रात्री दिवा हवा आहे, म्हाताऱ्या आईच्या उशाशी पंखा हवा आहे. नेमकी तीच वस्तू योजनेत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. २०२५ मध्ये राज्य शासनाने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी आणि महिना शंभर युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या ग्राहकांसाठी एक किलोवॅटच्या संचाला पूरक अनुदान देण्याची योजना आणली. गरिबांचा विचारच झाला नाही, असे त्यामुळे म्हणता येणार नाही. परंतु तीही बिनबॅटरीच्या, तारेला बांधलेल्या संचाचीच योजना आहे. शंभर युनिटे वापरणाऱ्या घराच्या छतावर महिन्याला सुमारे एकशेवीस युनिटांचा कारखाना बसेल आणि वळवाच्या पहिल्या वादळात ते घर पूर्वीइतकेच अंधारात बसेल.

या पार्श्वभूमीवर आपल्या कार्यकर्त्याचे पहिले कर्तव्य साधे आहे. वस्तीतील माणूस संच घ्यायला निघाला, तर त्याच्याबरोबर दुकानात जावे आणि त्याने चार प्रश्न विचारावेत असे पाहावे. त्यासाठी कार्यकर्त्याला स्वतः हिशेब यायला हवा. तो अवघड नाही.

पहिला प्रश्न : वीज गेल्यावर काय काय चालेल आणि किती वेळ? समजा, एका घरात नऊ वॅटचे चार दिवे, पंच्याहत्तर वॅटचे दोन जुने पंखे, साठ वॅटचा दूरदर्शन संच आणि मोबाईल भरण्यासारखी वीस वॅटची किरकोळ कामे आहेत. एकूण भार २६६ वॅट. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. पण शिशाची बॅटरी रोज निम्म्यापेक्षा अधिक रिकामी केली, तर तिचे आयुष्य घटते. उरले ९००. त्यातून इन्व्हर्टरची सुमारे पंधरा टक्के घट वजा केली की हाती ७६५ वॅट-तास येतात. म्हणजे हा भार तीन तासही चालणार नाही. आता त्याच घरात तीस वॅटचे बीएलडीसी पंखे बसवले, तर भार १७६ वॅटवर येतो आणि तीच बॅटरी चार तासांहून अधिक पुरते. याउलट उन्हाळ्यात जुन्या पंख्यांबरोबर १८० वॅटचा कूलर जोडला, तर पावणेदोन तासांतच ती निम्म्यावर येते. खान्देशात मे महिन्याची रात्र कूलरशिवाय काढणे काय असते ते वेगळे सांगायला नको. म्हणून दुसरी बॅटरी विकत घेण्यापूर्वी पंखे बदलावेत. हा हिशेब विक्रेता सांगेलच असे नाही, कारण बॅटरीची किंमत पंख्यापेक्षा कितीतरी मोठी असते.

दुसरा प्रश्न : पेटीवर लिहिलेला आकडा कशाचा आहे? इन्व्हर्टर व्होल्ट-अँपिअरमध्ये विकला जातो आणि घरातील उपकरणे वॅटमध्ये मोजली जातात. ८५० व्होल्ट-अँपिअरचा इन्व्हर्टर ०.८ शक्तिगुणकाने ६८० वॅटच देतो. शिवाय मोटार असलेले यंत्र सुरू होताना काही क्षण आपल्या चालू भाराच्या कितीतरी पट प्रवाह मागते. दीडशे वॅटचा फ्रीज म्हणूनच लहान इन्व्हर्टरला बसवतो. पण याचा अर्थ जितका मोठा तितका चांगला असाही नव्हे. इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. काहीही न चालवता पंधरा वॅट घेणारी पेटी दिवसाच्या चोवीस तासांत ३६० वॅट-तास फस्त करते. छतावर १६५ वॅटचे एकच पॅनेल असेल, तर त्याच्या दिवसभराच्या साडेसहाशेएक वॅट-तासांतील निम्म्याहून अधिक कमाई ही पेटीच गिळते. लहान संचाला मोठा इन्व्हर्टर म्हणजे कोरडवाहू दोन एकरांवर चार बैलांची दावण.

तिसरा प्रश्न : वीज कोणत्या घाटाची आणि पॅनेलशी जुळणारी आहे का? स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी किंवा अर्धवट सुधारलेल्या लहरीची वीज देतात. तिच्यावर दिवे चालतात. पण पंखे घुमतात, मोटारी तापतात. मोटारीची उपकरणे चालवायची असतील, तर शुद्ध साइन लहरीचाच इन्व्हर्टर घ्यावा. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये जो नियंत्रक असतो, त्याच्याही दोन जाती आहेत : पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. पीडब्ल्यूएम नियंत्रक पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर खेचून आणतो. बारा व्होल्टच्या बॅटरीला चोवीस व्होल्टचे पॅनेल या स्वस्त नियंत्रकातून जोडले, तर जवळजवळ निम्मी वीज फुकट जाते. एमपीपीटी नियंत्रक महाग असतो, पण ही नासाडी तो टाळतो. किंमत वाचवायची असेल, तर किमान पॅनेल आणि बॅटरी यांचे व्होल्टेज एकमेकांना साजेसे असावे.

चौथा प्रश्न : बॅटरी आधी कोण भरणार, सूर्य की महावितरण? पुष्कळ घरांत जुन्याच इन्व्हर्टरला नंतर पॅनेल जोडलेले असते. असा इन्व्हर्टर रात्री पुरवठा परत येताच तारेतून बॅटरी भरून टाकतो. सकाळी सूर्य उगवतो तेव्हा बॅटरी आधीच तुडुंब असते आणि पॅनेलला काम उरत नाही. गृहस्थ बिल पाहून म्हणतो की सौर वीज हे थोतांड आहे. थोतांड सौर विजेचे नसते. इन्व्हर्टरमध्ये सौर विजेला अग्रक्रम देण्याची सोय नसते, किंवा ती असूनही कोणी लावून दिलेली नसते.

या चार प्रश्नांना खान्देशच्या हवामानाची जोड द्यायला हवी. पॅनेलची क्षमता पंचवीस अंश तापमानाला मोजलेली असते. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा पॅनेलचा पृष्ठभाग पासष्ट अंशांवर सहज पोचतो. दर अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के या हिशेबाने तेथे १४ ते १६ टक्के वीज घटते. ऊन अधिक म्हणजे वीज अधिक, हा भ्रम आहे. पॅनेलला प्रकाश हवा, उष्णता नको. म्हणून पॅनेलखाली वारा खेळेल इतकी उंची ठेवावी, तोंड दक्षिणेकडे आणि कल वीस-एकवीस अंशांचा असावा, कारण आपले अक्षांश तेवढेच आहेत. इन्व्हर्टर आणि शिशाची बॅटरी गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत कोंडू नये. उष्णतेने इन्व्हर्टरची ताकद उतरते, आणि पंचवीस अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. घरातील सर्वांत गार, हवेशीर भिंत तिला द्यावी आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी नियमाने पाहावी.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. काही हौशी कारागीर इन्व्हर्टरची वीज साध्या प्लगमधून घराच्या वायरिंगमध्ये उलटी सोडून देतात. हे कृत्य म्हणजे खांबावरच्या वायरमनवर रोखलेली बंदूक आहे. अर्थिंग, डीसी बाजूचा खटका आणि तारेपासून घर निश्चित तोडणारा बदल-स्विच यांवाचून कोणताही संच चालवू नये. स्वतःच्या दिव्यासाठी दुसऱ्या कामगाराचा जीव धोक्यात घालणारा माणूस समाजवादावर बोलण्याचा अधिकार गमावतो.

आता पहिल्या तटाकडे वळतो. सौर पॅनेल हे सुखवस्तूंचे खेळणे आहे, असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी खान्देशचीच हकिकत आठवावी. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. दोंडाईचा परिसरातील नियोजित सौर प्रकल्पासाठी जमीन गेलेले विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी न्याय्य मोबदल्यासाठी हेलपाटे घालून अखेर जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि त्याच महिन्यात त्यांचा अंत झाला. भुसावळजवळच्या दीपनगरच्या चिमण्या गेली कित्येक दशके धूर ओकत आहेत. म्हणजे राज्याच्या विजेसाठी खान्देशने जमीन दिली, हवा दिली, ऊन दिले आणि एका शेतकऱ्याने प्राणही दिले. त्याच खान्देशातील माणसाने आपल्या घरात रात्री एक भरवशाचा दिवा मागितला, तर ती चैन कशी? पक्षाने या प्रश्नातून अंग काढून घेतले, तर तो प्रश्न सुटत नाही. तो फक्त विक्रेत्याच्या हाती जातो.

दुसऱ्या तटाचा भ्रम अधिक धोकादायक आहे. प्रत्येकाने आपापली वीज निर्माण करावी म्हणजे प्रश्न मिटेल, असे मानणाऱ्यांनी शेजारच्या पाकिस्तानकडे पाहावे. तेथे तारेतील वीज महागली म्हणून ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी छते पॅनेलने भरून टाकली. २०२४ या एका वर्षात सुमारे १७ गिगावॅट क्षमतेची पॅनेल त्या देशाने आयात केली. परिणाम असा झाला की, वीजकेंद्रांचा आणि तारांचा स्थिर खर्च ज्यांना छत नव्हते त्यांच्या डोक्यावर येऊ लागला. सधन माणूस सार्वजनिक व्यवस्थेतून बाहेर पडला की ती व्यवस्था सुधारण्यासाठी भांडणारा आवाजही बाहेर पडतो. सरकारी शाळांचे आणि इस्पितळांचे हेच झाले. विजेचेही तसेच व्हावे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना विजेच्या धोरणाचे काम त्यांच्याकडे होते, आणि वीज ही स्वस्त व सार्वजनिक मालकीची असावी हा त्यांचा आग्रह होता. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यातून राज्य वीज मंडळे उभी राहिली ती याच विचाराच्या वातावरणात. त्या मंडळांत भ्रष्टाचार शिरला, गळती वाढली हे खरे. पण सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत खांब त्यांनीच नेले, एखाद्या खाजगी कंपनीने नेले नाहीत.

शिवाय ‘प्रत्येक घर’ या शब्दांत कोणकोणती घरे येतात? खान्देशातील जुन्या गावांत अजूनही धाब्याची घरे आहेत. त्या मातीच्या छतावर लोखंडी सांगाडा उभा राहत नाही. धुळ्यातील यंत्रमाग कामगार भाड्याच्या खोलीत राहतो. छत मालकाचे असते. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या उत्तर टोकाला सातपुड्यात राहणाऱ्या पावरा आणि भिल्ल कुटुंबाला दीड लाखाचा संच आणि बँकेचे कर्ज यांविषयी काय सांगणार? अशा घरांसाठी वेगळा मार्ग आहे आणि तो बांगलादेशाने दाखवला आहे. २००३ पासून पुढील सुमारे दीड दशकात तेथे सार्वजनिक वित्तसंस्थेच्या पाठबळाने चाळीस लाखांहून अधिक घरांत लहान सौर संच बसले. त्यांपैकी बहुतेकांत इन्व्हर्टरच नव्हता. बारा व्होल्टवर चालणारे दिवे, लहान पंखा, मोबाईल. रूपांतरच नाही म्हणून रूपांतराची घट नाही आणि बिघडणारी पेटीही नाही. वस्त्यांपर्यंत तार पोचली तेव्हा ते संच मागे पडले. पण तोपर्यंत त्यांनी अंधारातली वर्षे वाचवली. इन्व्हर्टर निवडण्याच्या शास्त्रातील पहिला धडा हाच आहे की, काही घरांना तो मुळीच लागत नाही. हा धडा बाजार कधी शिकवणार नाही, कारण न विकलेल्या वस्तूवर नफा मिळत नाही.

तेव्हा आपली मागणी ‘अधिक पॅनेल’ ही नसावी आणि ‘पॅनेल नकोत’ ही तर नसावीच. आपली मागणी अशी असावी की, अनुदानाचे माप बदला. शंभर युनिटांच्या आतील प्रत्येक घराला वीज गेल्यावर चार तास दिवे-पंखे चालवील असा इन्व्हर्टर आणि एक बॅटरी अनुदानातून मिळाली पाहिजे. सुट्या बॅटरीवरील कर सौर साहित्याइतकाच, म्हणजे ५ टक्के झाला पाहिजे. प्रत्येक विक्रेत्याने विक्रीपूर्वी मराठीत लिहून दिले पाहिजे की पुरवठा खंडित झाल्यावर या संचावर काय चालेल, किती तास चालेल, पेटी स्वतः किती वीज खाईल आणि बिघडल्यास किती दिवसांत दुरुस्ती होईल. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, इन्व्हर्टर साधारण दहा, शिशाची बॅटरी चार-पाच वर्षे. म्हणजे पॅनेलच्या एका आयुष्यात गृहस्थाला दोन-तीन इन्व्हर्टर आणि पाच-सहा बॅटऱ्या विकत घ्याव्या लागणार. योजनेतील देखभालीची हमी पाच वर्षांची. पुढची वीस वर्षे कोणाच्या भरवशावर? म्हणून तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इन्व्हर्टर-दुरुस्तीचा अभ्यासक्रम आणि सार्वजनिक दुरुस्ती-केंद्र हवे. जळगावच्या विद्यापीठाने बाजारातील इन्व्हर्टर तपासून निष्कर्ष जाहीर करावेत. आणि ज्यांना छत नाही त्यांच्यासाठी शाळा-ग्रामपंचायतींच्या छतांवर सामाईक संच बसवून त्यांची वीज अनेक घरांच्या बिलांत वळती करावी. दिल्लीच्या नियामक आयोगाने २०१९ मध्येच अशा पद्धतीचे नियम केले आहेत.

सहकाराने हे काम करता येईल काय, असे कोणी विचारील. येईल, पण सहकार हा शब्द मंत्रासारखा उच्चारून काही घडत नाही. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चार दशके वीज वाटली आणि प्रचंड थकबाकीच्या भाराखाली २०११ मध्ये तिचा परवाना संपला. हिशेब चोख ठेवणारी, सभासदांना दरमहा जाब देणारी लहान ग्राहक-संस्था दहा-वीस घरांची एकत्र खरेदी आणि देखभाल सहज सांभाळू शकेल. तेथून सुरुवात करायला शासनाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने येत्या उन्हाळ्यापूर्वी आपल्या वस्तीतील सौर संचांची साधी पाहणी करावी : वीज गेल्यावर किती घरांत दिवा राहतो आणि किती घरांत राहत नाही. ही यादी हातात घेऊन महावितरणच्या उपविभागीय कार्यालयावर आणि आमदार-खासदारांच्या दारात जावे. किती किलोवॅट बसवले हे सरकार सांगतच राहील. किती घरे अंधारात राहिली हे आपल्याला मोजावे लागेल.